खारूनच्या दगडावरची चुरस
रायपूरकरांनो, खारून नदीतल्या दगडावर कधी हात फिरवलाय? तो बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची दाट वस्ती, बायोफिल्म! सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एमबीबीआर (मूव्हिंग बेड बायोफिल्म रिअ‍ॅक्टर) टाकीत असाच थर प्लास्टिकच्या छोट्या तुकड्यांवर मुद्दाम वाढवतात. युक्ती नॉर्वेची, १९८०च्या दशकाअखेरची.

खरी गंमत थराच्या आत. सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू काही तासांतच दुप्पट होतात, बाहेरची जागा बळकावतात, ऑक्सिजन फस्त करतात. अमोनियावर जगणाऱ्या नायट्रोसोमोनासला दुप्पट व्हायला निदान अर्धा-एक दिवस लागतो. बिचारा आत ढकलला जातो, गुदमरतो आणि अमोनिया तसाच पाण्यात राहतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन टाक्या: पहिलीत खादाडांची पंगत उरकायची, दुसरी नायट्रोसोमोनासला मोकळी. मला हा संथ गडीच जास्त आवडतो. थंडीत तो आणखी मंदावतो. आपल्या रायपूरचा उकाडा मात्र त्याला मानवतो!