खोगीर आधी, गोंडे मागाहून : अश्वस्पर्धेसाठी साज व पोशाख

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली, की नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात तापीकाठी वसलेल्या सारंगखेड्याच्या वाटेने घोडी चालू लागतात. दत्तजयंतीला भरणारी तेथील यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. मारवाडी व काठेवाडी जातींची उमदी जनावरे येथे विक्रीस येतात आणि घोड्याचे रूप, चाल व नाच यांच्या स्पर्धाही होतात. बक्षीस मिळविलेल्या घोड्याकडे गिऱ्हाइकाची नजर आपोआप वळते. सबब मालकाची वर्षभराची मेहनत आणि पुष्कळदा घोड्याची किंमतही मैदानातील थोड्या मिनिटांवर अवलंबून असते.

घोड्याचा दाणा, वैरण व खरारा यांत काडीचीही कसूर न करणारा मालक साजाच्या बाबतीत मात्र घाई करताना आढळतो. यात्रेच्या आदल्या दिवशी दुकानातून चकचकीत साज घ्यावयाचा, अथवा सोयऱ्याच्या घोड्याचे खोगीर मागून आणावयाचे, आणि त्यावर मखमल व गोंडे चढवून मैदानात उतरावयाचे, असा प्रकार घडतो. मग घोडा मान झटकतो, कान मागे टाकतो, पाठ खाली दाबतो आणि आखूड पावले टाकतो. परीक्षक चालीचे गुण कापतात. गिऱ्हाईक ‘घोडा खोडकर दिसतो’ म्हणून पुढे जाते. दोष साजाचा असतो, पण बोल घोड्याला लागतो.

निरुपयोगी भरताडाला मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणण्याचा प्रघात आहे. घोड्याला बोलता आले असते, तर त्याने हा शब्द या अर्थाने कधीच वापरला नसता. खोगिरात काय भरले आहे आणि ते सारखे भरले आहे की नाही, यावरच त्याच्या पाठीचे सुख अवलंबून असते. म्हणून साज निवडताना प्रथम तो घोड्याच्या अंगाला बसतो काय हे पाहावे. शोभेचा विचार त्यानंतर करावा.

स्पर्धेचा प्रकार लक्षात घ्यावा

प्रत्येक स्पर्धेला एकच साज चालत नाही. रूपाच्या स्पर्धेत घोडा हातात धरून दाखविला जातो. तेथे परीक्षकास डोके, मान, पाठ व पाय उघडे दिसावे लागतात; म्हणून साधी, मऊ, नीट बसणारी मोहोरकी व एक दोर एवढे पुरेसे असते. मारवाडी व काठेवाडी घोड्यांचे आत वळून टोकांशी जुळणारे कान हे त्या जातींचे मुख्य लक्षण होय. कपाळावर मोठे गोंडे किंवा जड कलगी बांधून तेच कान झाकणे म्हणजे घोड्याचा उत्तम गुण आपल्या हाताने लपविणे होय. कपाळपट्टा आखूड असला तर कानांच्या मुळाशी काचतो आणि घोडा कान मोकळे फिरवीत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अदंत, म्हणजे दुधाचे दात न पाडलेली शिंगरे, हातात धरूनच दाखवावीत. घोड्याचे पुढील मधले दुधाचे दात साधारणतः अडीच वर्षांच्या सुमारास पडतात. त्या वयात हाडे कोवळी असतात. तेव्हा शोभेसाठीही जड खोगीर व स्वार पाठीवर लादू नयेत.

रेवाल चालीच्या स्पर्धेत खोगीर व लगाम यांची खरी परीक्षा होते. नाचाच्या प्रकारात घुंगरू व झूल असली, तरी मान छातीशी आवळून बांधू नये. तशा बांधणीत घोड्याला मोकळा श्वास घेता येत नाही.

विलायतेतील अश्वप्रदर्शनांतही असाच विवेक पाळला जातो. शिकारी घोड्यांच्या वर्गात साधा, रुंद चामडी लगाम असतो व स्वार जाड लोकरी कापडाचा साधा कोट घालतो. डौलदार हलक्या घोड्यांच्या वर्गात मात्र नाजूक लगाम व रंगीत कपाळपट्टा चालतो. घोड्याचे जे रूप दाखवावयाचे त्याला साज पूरक असावा, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

खोगिराची पारख

प्रथम खाली काहीही न घालता खोगीर उघड्या पाठीवर ठेवावे. ते किंचित पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवावे, म्हणजे योग्य जागी बसते व केस उलटे राहत नाहीत. खोगिराची पुढची कड खांद्याच्या हाडाच्या मागे असावी, नाही तर प्रत्येक पावलागणिक खांदा तिच्यावर आदळतो. मागची कड शेवटच्या फासळीच्या पलीकडे जाऊ नये.

मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या मध्ये जो उंचवटा असतो, त्यावर खोगिराची कमान टेकता कामा नये. स्वार बसल्यावरही कमान व उंचवटा यांमध्ये निदान दोन बोटे सरळ शिरली पाहिजेत. मागे उभे राहून पाहिले असता पाठीच्या कण्यावर, खोगिराच्या दोन गाद्यांमधून आरपार उजेड दिसावा. खोगिराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर सारखा पडावा. कण्यावर मुळीच पडू नये.

यापुढची परीक्षा घामाची. खोगिराखाली स्वच्छ सुती कापड घालून अर्धा तास फेरफटका करावा व लगेच खोगीर उतरवून पाठ पाहावी. घाम दोन्ही बाजूंना सारखा आला असेल तर ठीक. ओल्या भागात मध्येच एखादा कोरडा डाग असेल, तर तेथे दाब अधिक पडत आहे असे समजावे. असा दाब चालू राहिला म्हणजे प्रथम सूज, मग जखम होते आणि जखम भरल्यावर पुष्कळदा त्या जागी पांढरे केस उगवतात. जाणते गिऱ्हाईक पाठीवरच्या या पांढऱ्या चट्ट्यांवर हात फिरवून घोड्याचा मागचा सारा इतिहास वाचते. मखमलीने जखम झाकता येते. पण सौदा ठरण्यापूर्वी मखमल उतरवावीच लागते.

बैठक लोकरी नमद्याची किंवा जाड सुती कापडाची असावी. ती घाम शोषून घेते. चमकदार कृत्रिम कापड घाम शोषत नाही आणि सरकते. टिकल्या, आरसे व जरीची शिवण आतल्या बाजूस टोचत नाही ना, हे उघड्या तळहाताने चाचपून पाहावे.

तंग पुढील पायाच्या कोपरामागे सुमारे चार बोटे अंतर ठेवून बांधावा. तो एकदम न आवळता दोन-तीन वेळा थोडा थोडा आवळावा. नंतर पुढचे पाय एकेक करून पुढे ओढावेत, म्हणजे तंगाखाली दुमडलेली कातडी मोकळी होते. थोडे चालवून, स्वार होण्यापूर्वी तंग पुन्हा तपासावा.

लगाम व मोहोरकी

घोड्याच्या पुढच्या दातांच्या व दाढांच्या मध्ये हिरडीचा मोकळा भाग असतो. लगामाची कडी तेथे बसते. कडी तोंडाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंस सुमारे पाव इंच अधिक असावी. ती आखूड असली तर ओठ चिमटते, लांब असली तर सरकते. कडी घातल्यावर ओठांच्या कोपऱ्यात एक-दोन हलक्या सुरकुत्या पडाव्यात. नाकपट्ट्याखाली दोन बोटे व गळपट्ट्याखाली मूठ जाईल इतकी सैल जागा ठेवावी.

घोडा ‘आवरत नाही’ म्हणून काटेरी कडी वापरण्याची चाल काही ठिकाणी दिसते. ओढ्याच्या व ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेपासून संरक्षण देणाऱ्या १९६५ च्या नियमांनी स्वारीसाठीदेखील काटेरी कडी अथवा टोकदार साज वापरण्यास मनाई केली आहे. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली तरी अशा कडीचा उपयोग उलटाच होतो. तोंडात जखम झालेला घोडा वेदनेपासून दूर पळू पाहतो व अधिकच अनावर होतो. घोडा एकाएकी लगाम झुगारू लागला, तर कडक कडी न शोधता पशुवैद्याकडून त्याचे दात व तोंड तपासून घ्यावे.

उसना साज नको

दुसऱ्याच्या घोड्याचा साज आणण्यात आणखी एक धोका असतो. गजकर्णासारखे त्वचारोग खोगीर, बैठक व खराऱ्याच्या मार्फत एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातात. ग्लँडर्स हा घातक रोगही बाधित घोड्याचा साज व पाण्याचे भांडे यांतून पसरू शकतो आणि माणसासही होऊ शकतो. यात्रेत शेकडो जनावरे एकत्र येतात. म्हणून प्रत्येक घोड्याचा साज, बादली व खरारा स्वतंत्र ठेवणे अगत्याचे आहे.

स्वाराचा पोशाख

पोशाख स्वच्छ, अंगासरशी व साधा असावा. लोंबणारे उपरणे, सुटे पदर आणि हातातील कडी लगामात अडकतात. घोडा हातात धरून दाखविणाऱ्याने फेटा बांधण्यास हरकत नाही. फेटा हा या मातीचा मान आहे. परंतु पाठीवर बसणाऱ्याने हनुवटीखाली पट्टा असलेले, घोडेस्वारीसाठी बनविलेले शिरस्त्राणच घालावे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांतूनही परंपरेची उंच काळी टोपी २०२१ पासून गेली आणि तिच्या जागी शिरस्त्राण आले. जोराचा आपट बसलेले शिरस्त्राण बाहेरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.

पायात सपाट तळाचा व थोडी टाच असलेला बूट हवा. चप्पल किंवा बिनटाचेचा जोडा असला, तर पाय रिकिबीतून पुढे घसरतो. स्वार पडला असता पाय अडकून तो फरफटत जातो. रिकीब बुटाच्या सर्वांत रुंद भागाहून सुमारे एक इंच रुंद असावी. दोन्ही रिकिबींचे पट्टे सारखे असावेत. मुलाला मोठ्या माणसाच्या रिकिबीत पाय घालून कधीही बसवू नये. त्याचा लहान पाय तिच्यातून आरपार जातो.

दोर हाताभोवती गुंडाळून घोडा धरू नये. घोडा उधळल्यास गुंडाळलेला दोर बोटे तोडतो. जास्तीचा दोर घडी करून मुठीत धरावा.

तयारी केव्हा करावी

यात्रेपूर्वी दोन महिने साज निवडून त्याची पारख करावी. नवे चामडे रोज थोडा वेळ वापरून मऊ करावे. घाम ओल्या फडक्याने पुसून साज सावलीत वाळवावा व त्यास बेताने तेल द्यावे. उन्हात टाकलेले चामडे तडकते. महिनाभर आधी ठरलेल्या साजानिशी, ठरलेल्या स्वारासह सराव सुरू करावा. आठवडाभर आधी शिवण, बक्कल व रिकिबीचे पट्टे ओढून पाहावेत. स्पर्धेच्या दिवशी कोणतीही नवी वस्तू घोड्याच्या अंगावर चढवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घोडेमालकांना यात्रेपूर्वी एका ठिकाणी जमवून, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने प्रत्येक घोड्याची पाठ, तोंड व साज तपासून घेतल्यास मोठे काम होईल. त्यासाठी खर्च लागत नाही. दोन बोटे, एक तळहात आणि सावध नजर एवढे साहित्य पुरते. ज्याच्या पाठीवर चट्टा नाही आणि ज्याचे कान मोकळे आहेत, असा घोडा मैदानात उतरला म्हणजे गोंड्यांवाचूनही लोक वळून पाहतात. मग हौसेने एखादा गोंडा बांधला, तर तो खरोखरच शोभतो.