फामागुस्टा : एकास पस्तीस

मनमाडहून दौंडच्या गाडीत बसलं की अंकाई, येवला, कोपरगाव, राहुरी मागे टाकत दीडेकशे किलोमीटरवर नगर येतं. हा लोहमार्ग 1878 सालचा. नगरमध्ये 1948 पासून भारतीय चिलखती दलाचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे आणि फेब्रुवारी 1994 मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालयही तिथेच आहे. प्लॅस्टिकचे छोटे रणगाडे जोडणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय कोणती हवी? तरीही आपल्याकडच्या छंदिष्टांच्या कपाटात जर्मन टायगर आणि पँथरच जास्त. नगरला जे लोखंड उभं आहे, ते टेबलावर क्वचितच उतरतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

या छंदात 1:35 हे माप सर्वाधिक रुळलेलं आहे, पण ते कुणी विचारपूर्वक ठरवलेलं नाही. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने 1961 च्या अखेरीस मोटरवर चालणारा पँथर काढला. पोटात बॅटऱ्या आणि गिअर मावायला हवे होते, त्या हिशेबाने त्याचा आकार ठरला आणि तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याइतका भरला. पुढे जगभर तेच माप चालू झालं. 3.39 मीटर रुंदीचा सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा त्या मापात सुमारे 9.7 सेंटिमीटर रुंद होतो. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच बसले तरी कुणाची तक्रार नसते. इथे मात्र अर्ध्या मिलिमीटरची चूकही जाणत्याला खुपते.

रिव्हेटचंच घ्या. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पुलांचे गर्डर बनतात, त्यामुळे रिव्हेट कशाला म्हणतात आणि वेल्डिंगची शिवण कशी दिसते, हे इथल्या कित्येक घरांना सांगावं लागत नाही. नगरच्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातला जपानी चि-हा आहे. त्याच्या पत्र्यांवर रिव्हेटच्या डोक्यांच्या रांगा आहेत. अशा रणगाड्यावर गोळा आदळला, की चिलखत फुटलं नाही तरी रिव्हेट तुटून आतल्या माणसांच्या अंगात घुसत. म्हणून पुढे वेल्डिंग आणि ओतकाम आलं. मॉडेलवर सांधा घासताना ही डोकी पॉलिश पेपरखाली पुसली जातात. मग दुसऱ्या तुकड्यावरची डोकी ब्लेडने कापायची, टोकावर उचलायची आणि द्रव सिमेंटच्या एका थेंबावर ओळीत बसवायची. हे सिमेंट फेव्हिकॉलसारखं चिकटत नाही. ते प्लॅस्टिकच विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, म्हणजे तेही एका अर्थी वेल्डिंगच.

खरा विषय आहे तो फामागुस्टा. सायप्रसमधल्या बंदराचं हे नाव पूना हॉर्सच्या एका सेंच्युरियनला होतं. पूना हॉर्स ही भारतीय चिलखती दलाची रेजिमेंट 1817 साली पुण्यात उभी राहिलेली. त्या रणगाड्यावर होते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, वय 21. 16 डिसेंबर 1971 ला शकरगड भागात बसंतरच्या लढाईत पाकिस्तानी रणगाड्यांशी भिडताना फामागुस्टाला आग लागली. बाहेर पडण्याचा हुकूम आला, पण तोफ चालू आहे म्हणून खेत्रपालांनी रणगाडा सोडला नाही. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तो रणगाडा दुरुस्त होऊन आज नगरच्या त्या केंद्रात जपलेला आहे.

तामियाच्या खोक्यातून निघतो तो मार्क 3 सेंच्युरियन, ब्रिटिश सैन्याच्या खुणांसह. त्याला ब्रश लावून फामागुस्टा म्हणता येत नाही. सेंच्युरियनचे मार्क बदलत गेले तसं इंजिनावरचं झाकण बदललं, तोफेच्या नळीवर धूर शोषणारा फुगवटा आला. म्हणून युद्धकाळातली छायाचित्रं आणि प्रत्यक्ष रणगाडा शेजारी ठेवून एकेक गोष्ट ताडावी लागते. बाजूचे पत्रे तेव्हा होते का? आजचा रंग दुरुस्तीनंतरचा आहे, तो पुरावा म्हणून किती धरायचा? बुरूज ओतीव आहे, पण खोक्यातलं प्लॅस्टिक गुळगुळीत असतं. पातळ पुट्टी लावून ती ओली असतानाच जुन्या, ताठ ब्रशने टोचत गेलं की ओतकामाचा खरखरीतपणा येतो. नाव डेकलच्या पानावर मिळत नाही, ते हातानेच लिहावं लागतं.

मातीचीही गोष्ट आहे. मनमाड-येवल्याकडची काळी माती चाळून मॉडेलला फासण्याचा मोह होतो, पण शकरगड रावी-चिनाबच्या गाळाच्या मैदानात आहे. तिथली माती फिकट, राखाडी-तपकिरी. चाकांत आणि पट्ट्यांत तीच दिसली पाहिजे. हल्ली गंज आणि ओरखडे इतके चढवतात की रणगाडा भंगारातून आणलेला वाटतो. लढाईच्या सकाळी फामागुस्टा चालता, निगा राखलेला रणगाडा होता. धूळ आणि चिखल पुरे. जळालेला फामागुस्टा मी करत नाही, तोफ चालू असलेलाच करतो.

त्यानंतर मला विजयंत हवा आहे. ब्रिटिश व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावर 1965 पासून मद्रासजवळच्या आवडीत बांधला गेलेला, 105 मिलिमीटर तोफेचा, चार जणांचा रणगाडा. तामियाच्या यादीत तो नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या कोऱ्या पत्र्यांतून कापून करायचा. नगरच्या संग्रहालयात तो उभा आहे. चाकं एका बाजूला सहा, सगळी सारखी, तेव्हा आधी एक चाक नीट करून त्याचा रबरी साचा घ्यायचा आणि उरलेली रेझिनमध्ये ओतायची.