विद्युत् गिटारचा फ्रेटबोर्ड : शिसवी व आबनूस

विद्युत् गिटारच्या दांडीच्या दर्शनी बाजूवर चिकटविलेल्या लाकडी पट्टीस फ्रेटबोर्ड म्हणतात. या पट्टीत गणिताने ठरविलेल्या अंतरांवर आडवे काप घेऊन त्यांत धातूचे पडदे (फ्रेट) ठोकून बसविलेले असतात. वादकाने तार एखाद्या पडद्यामागे दाबली म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी कमी होते व स्वर चढतो. सतारीचे पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात व ते सरकवून स्वर जुळविता येतो. गिटारचे पडदे मात्र लाकडात कायमचे रुतविलेले असल्याने स्वरांची अचूकता पट्टीच्या लाकडावर अवलंबून राहते. हे लाकूड पडद्यांची पकड न सोडणारे, बोटांच्या घर्षणाने न झिजणारे आणि हवामानानुसार फारसे न आक्रसणारे असावे लागते. अशा लाकडांपैकी शिसवी, आबनूस व मॅपल ही तीन प्रमुख होत. मॅपलचा फिकट रंग व त्यावर द्यावे लागणारे लाखेसारखे लेपन यांमुळे ते वेगळे ओळखू येते. शिसवी व आबनूस ही दोन्ही काळसर लाकडे बहुधा लेपनाशिवाय वापरतात व त्यांच्यात निवड कशी करावी, हा प्रश्न वादकांत व वाद्यकारांत नेहमी चर्चिला जातो. शिसवीचा नाद मऊ व भरदार, तर आबनुसाचा लख्ख व टणक असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे हे ठरविण्यासाठी लाकडांचे गुणधर्म व विद्युत् गिटारमधील ध्वनिनिर्मिती या दोहोंचा विचार करावा लागतो.

वनस्पती व लाकूड : शिसवी (शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया) हा शिंबावंत कुलातील मोठा वृक्ष असून तो पश्चिम घाटासह भारताच्या अनेक भागांतील पानझडी जंगलांत आढळतो. इंडोनेशियात, विशेषतः जावा बेटावर, त्याची लागवड केलेली आहे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांतील झोपाळे, देव्हारे व दिवाण यांमुळे हे लाकूड मराठी वाचकास परिचित आहे. त्याचे मध्यकाष्ठ तपकिरी ते जांभळट असून त्यात गडद रेषा असतात. त्याची छिद्रे मोठी व उघडी असून त्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो. याच प्रजातीतील ब्राझिली शिसवी (डाल्बर्जिया नायग्रा) हे लाकूड पूर्वी पाश्चात्त्य वाद्यकारांना अधिक प्रिय होते.

आबनूस हे डायोस्पायरॉस प्रजातीतील काही जातींचे काळे मध्यकाष्ठ होय. विड्यांसाठी ज्याची पाने गोळा करतात तो विदर्भातील तेंदू किंवा टेंबुर्णी हा वृक्षही याच प्रजातीतील आहे. दक्षिण भारत व श्रीलंका येथील आबनूस (डायोस्पायरॉस एबेनम) प्राचीन काळापासून प्रसिद्ध असला, तरी हल्ली गिटारसाठी मुख्यतः मध्य आफ्रिकेतील आबनूस (डायोस्पायरॉस क्रॅसिफ्लोरा) वापरतात. त्याचा पोत अतिशय बारीक असून घासल्यावर त्याला काचेसारखी झिलई येते. सर्वच आबनूस एकसारखे काळे नसते. पुष्कळ झाडांच्या मध्यकाष्ठात करडे वा तपकिरी पट्टे असतात व बाजारातील एकसारखी काळी दिसणारी पट्टी कधीकधी रंग देऊन तशी केलेली असते.

गुणधर्मांची तुलना : वाळलेल्या शिसवी लाकडाची सरासरी घनता दर घनमीटरला सु. ८३० किग्रॅ., तर आफ्रिकी आबनुसाची सु. ९५५ किग्रॅ. असते. लाकडाची कठिनता मोजण्याच्या जांका पद्धतीत एक ठराविक आकाराची पोलादी गोळी निम्म्या व्यासापर्यंत लाकडात रुतविण्यास लागणारी प्रेरणा मोजतात. ही प्रेरणा शिसवीस सु. १०,९०० न्यूटन, आबनुसास सु. १३,७०० न्यूटन व मॅपलला सु. ६,४५० न्यूटन लागते. स्थितिस्थापकता गुणांक शिसवीचा सु. ११·५, तर आबनुसाचा सु. १६·९ गिगॅपास्कल आहे. थोडक्यात, आबनूस हे शिसवीपेक्षा जड, कठीण व ताठ आहे. हे सर्व आकडे सरासरीचे असून एकाच जातीच्या दोन झाडांच्या लाकडांतही लक्षणीय फरक आढळतो.

आक्रसण्याच्या बाबतीत मात्र शिसवी सरस ठरते. ओले लाकूड पूर्ण सुकविल्यास शिसवीचे घनफळ सु. ८·५ टक्क्यांनी, तर आफ्रिकी आबनुसाचे जवळजवळ २० टक्क्यांनी घटते. म्हणून आबनूस अतिशय सावकाश सुकवावे लागते, नाहीतर त्याला चिरा पडतात. तयार वाद्यातही हवेतील आर्द्रतेप्रमाणे पट्टीची रुंदी किंचित कमीजास्त होत राहते. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत असलेले वाद्य पुढे विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात नेल्यास पट्टी आक्रसते, पण धातूचे पडदे आक्रसत नाहीत. त्यामुळे पडद्यांची टोके कडेबाहेर येऊन हाताला टोचू लागतात. हा दोष आबनुसात अधिक संभवतो.

इतिहास : आबनुसाची प्रतिष्ठा व्हायोलिन कुलातील वाद्यांकडून गिटारकडे आली. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात. तार थेट लाकडावर दाबली जात असल्याने तेथे कठीण लाकूड अपरिहार्य ठरते. गिटारमध्ये तार धातूच्या पडद्यावर टेकते, म्हणून ही निकड तेथे बरीच कमी होते. तरीही महागड्या वाद्यास आबनूस व साध्या वाद्यास शिसवी, ही प्रथा अमेरिकी कारखान्यांत रूढ झाली. गिब्सन कंपनीच्या १९५२ मधील ‘लेस पॉल’ या भरीव गिटारला शिसवीची पट्टी होती. १९५४ मध्ये आलेल्या ‘लेस पॉल कस्टम’ या अधिक किंमतीच्या, काळ्या रंगाच्या नमुन्यास आबनुसाची पट्टी देण्यात आली. फेंडर कंपनीच्या ‘टेलिकास्टर’ व ‘स्ट्रॅटोकास्टर’ (१९५४) या गिटारींची दांडी प्रारंभी मॅपलची असून पडदे तिच्यातच ठोकलेले असत. वापराने तिच्यावरील लेपन झिजून ती मळकट दिसे. १९५८ मध्ये फेंडरने ‘जॅझमास्टर’ या नमुन्यात शिसवीची पट्टी आणली व १९५९ पासून ती इतर नमुन्यांतही वापरली. १९६२ मध्ये जाड, सपाट पट्टीऐवजी दांडीच्या गोलाईवर बसणारी पातळ पट्टी वापरण्यास तिने सुरुवात केली. त्या काळी ब्राझिली शिसवी प्रचारात होती. तिचा पुरवठा आटू लागल्यावर १९६० नंतरच्या दशकात भारतीय शिसवीने तिची जागा घेतली.

ध्वनीवरील परिणाम : साध्या गिटारमध्ये तारेची कंपने घोडीमार्फत पातळ लाकडी तबकडीस मिळतात व तबकडी हवेस कंपित करते. लाकूड हेच तेथे ध्वनीचे उगमस्थान असते. विद्युत् गिटारमध्ये तारेखालील पिकअप म्हणजे चुंबक व त्याभोवतीचे तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेटोळ्यात विद्युत् प्रवाह निर्माण होतो व तो ध्वनिवर्धकाकडे जातो. पिकअपला लाकडाचा नाद ऐकू येत नाही, त्याला केवळ तारेची हालचाल कळते. म्हणून फ्रेटबोर्डचा परिणाम व्हायचाच तर तो तारेच्या हालचालीत बदल होऊनच होऊ शकतो.

असा बदल घडतो, हे मापनांनी दिसून आले आहे. तार ज्या पडद्यावर टेकते तेथून तिच्या ऊर्जेचा काही अंश दांडीत जातो. दांडीला स्वतःच्या काही नैसर्गिक कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्या) असतात. एखाद्या स्वराची कंप्रता त्यांपैकी एकीशी जुळली आणि त्या जागी दांडी सहज हलणारी असली, तर तारेची ऊर्जा झपाट्याने शोषली जाते व तेवढाच स्वर लवकर विरतो. अशा जागांस वादक ‘मृत स्वर’ म्हणतात. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर व टिल्मन झ्विकर यांनी १९९० नंतरच्या दशकात या घटनेचा अभ्यास केला. फ्रान्समधील आर्थर पाते, झाँ-ल्वाक ल कारू व त्यांचे सहकारी यांनी केवळ फ्रेटबोर्डचे लाकूड निराळे व बाकी सर्व बाबतींत समान अशा गिटारी घेऊन शिसवी व आबनूस यांची तुलना केली. ती त्यांनी २०१३ मध्ये स्टॉकहोम येथील संगीत-ध्वनिकी परिषदेत मांडली. अधिक ताठ पट्टीमुळे दांडीच्या नैसर्गिक कंप्रता सरकतात व मृत स्वरांच्या जागा बदलतात. याचा अर्थ लाकूड बदलल्याने काही विशिष्ट स्वर कमीजास्त टिकतात. सर्वच स्वर सारखेच ‘मऊ’ किंवा ‘लख्ख’ होतात, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

परिणामाची मर्यादा एका साध्या हिशोबाने लक्षात येईल. फ्रेटबोर्डची लांबी सु. ४७ सेंमी., सरासरी रुंदी सु. ५ सेंमी. व जाडी सु. ६ मिमी. धरल्यास तिचे घनफळ सु. १४१ घ. सेंमी. होते. शिसवीच्या अशा पट्टीचे वजन सु. ११७ ग्रॅ., तर आबनुसाच्या पट्टीचे सु. १३५ ग्रॅ. भरते. साडेतीन ते चार किग्रॅ. वजनाच्या वाद्यात हा फरक अवघा १८ ग्रॅ. आहे. त्याच्या तुलनेत पिकअपची रचना व तारेपासूनचे त्याचे अंतर, तारांची जाडी व जुनेपणा, तार छेडण्याची जागा आणि ध्वनिवर्धकाची जुळणी यांनी नादात होणारा बदल कितीतरी मोठा असतो. मोकळी तार छेडली असता तर ती फ्रेटबोर्डवरील पडद्यास स्पर्शही करीत नाही.

हाताळणी व देखभाल : दोन लाकडांतील फरक कानापेक्षा हाताला अधिक स्पष्टपणे जाणवतो. तार आडवी ताणून स्वर चढविताना किंवा हाताला कंप देताना बोटाचे टोक लाकडावर घासते. आबनुसाचा पृष्ठभाग गुळगुळीत व थंड लागतो व बोट सहज सरकते. शिसवीच्या उघड्या छिद्रांमुळे पृष्ठभाग किंचित खरबरीत लागतो. आबनूस सावकाश झिजते, परंतु ते ठिसूळही असते. जुने पडदे उपटून नवे बसविताना कापाच्या कडेच्या कपच्या निघण्याचा धोका त्यात जास्त असतो व कारागिरास पडदा तापवून जपून काढावा लागतो. शिसवी या कामात अधिक सोशिक असते. दोन्ही लाकडे कोरडी पडल्यास वर्षातून एकदोन वेळा खनिज तेलाचा पातळ हात देऊन जादा तेल पुसून टाकणे पुरेसे असते. दोन्हींच्या भुशाने त्वचा व श्वसनमार्ग यांस दाह होत असल्याने घासकाम करताना कारागिरांनी तोंडावर आवरण वापरणे इष्ट ठरते.

पुरवठा व निर्बंध : ही दोन्ही झाडे सावकाश वाढणारी असल्याने निवडीचा प्रश्न शेवटी जंगलापर्यंत पोहोचतो. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ करारान्वये ब्राझिली शिसवीचा १९९२ मध्ये पहिल्या परिशिष्टात समावेश होऊन तिचा व्यापारी वापर जवळजवळ बंद झाला. मादागास्करमधील आबनुसाच्या जाती २०१३ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आल्या. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया प्रजातीतील उरलेल्या सर्व जातींवर, म्हणजे भारतीय शिसवीवरही, परवान्याचे बंधन आले. त्यामुळे फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या अनेक गिटारींना शिसवीऐवजी दक्षिण अमेरिकेतील पाऊ फेरो हे लाकूड वापरण्यास सुरुवात केली. वाद्यकारांच्या मागणीनंतर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये व त्यांचे तयार भाग यांना या बंधनातून सूट मिळाली. ब्राझिली शिसवीस ही सूट नाही.

अमेरिकेत बेकायदा लाकडाच्या आयातीस लेसी कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने बंदी आहे. या कायद्यान्वये गिब्सन कंपनीच्या आवारांवर २००९ मध्ये मादागास्करच्या आबनुसासंबंधी व २०११ मध्ये भारतातून आलेल्या शिसवी व आबनुसाच्या पट्ट्यांसंबंधी छापे घालण्यात आले. फ्रेटबोर्डची अर्धवट तयार पट्टी हा पक्का माल की निव्वळ चिरलेले लाकूड, हा भारतीय निर्यात नियमांचा मुद्दा त्यात वादाचा ठरला. २०१२ मध्ये झालेल्या समझोत्यात कंपनीने तीन लक्ष डॉलर दंड भरला व मादागास्करच्या लाकडावरील हक्क सोडला. भारतीय लाकूड तिला परत मिळाले.

कॅमेरूनमध्ये २०११ साली टेलर या गिटार कंपनीने स्पेनमधील एका लाकूडव्यापारी कंपनीसह याउंदे येथील आबनुसाची गिरणी विकत घेतली. तोडलेल्या सु. दहा झाडांपैकी एकाचेच लाकूड एकसारखे काळे निघते व पट्टेदार लाकडाची झाडे तोडून जंगलातच टाकून दिली जातात, असे तेव्हा तिच्या चालकांस आढळले. त्यानंतर पट्टेदार आबनूसही वापरात आणण्यात आले व रोपलागवडीचा प्रकल्प हाती घेण्यात आला. काळ्या व पट्टेदार आबनुसाच्या कठिनतेत वा ताठपणात वादकास जाणवेल असा फरक नाही, भेद केवळ दिसण्याचा आहे. आबनुसाच्या बियांचा प्रसार करणाऱ्या वनहत्तींची शिकार झालेल्या भागांत आबनुसाची रोपेही विरळ होतात, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे.

निवड : वरील विवेचनावरून असे दिसते की, गुळगुळीत स्पर्श व झिजेस प्रतिकार हवा असल्यास आबनूस, तर बदलत्या हवामानात स्थैर्य व दुरुस्तीची सुलभता हवी असल्यास शिसवी अधिक सोयीची असते. नादाच्या अपेक्षेने लाकूड निवडण्यास मात्र फारसा आधार नाही. शिसवी घेताना लागवडीखालील झाडांचे लाकूड आणि आबनूस घेताना पट्टेदार लाकूड स्वीकारल्यास वाद्याच्या गुणवत्तेत उणीव न येता या वृक्षांवरील भार कमी होतो.