दहा रुपयांचं कूपन

पाळी सुटली की हजीऱ्याजवळच्या मोरा गावच्या गल्ल्या माणसांनी भरतात. ओडिया, भोजपुरी आणि मधूनच आपली अहिराणी कानावर पडते. तापीच्या मुखाशी क्रिभको, ओएनजीसी, आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टील असे अजस्र कारखाने, आणि त्यांच्या आधाराने एकेका खोलीत चार-पाच जणांचा बिऱ्हाडाविना संसार. जेवण उरकून गावाकडे व्हिडिओ कॉल लावायचा, तर दिवसाचा दीड जीबी रील्सनी आधीच खाल्लेला.

सुरतेतल्या एका छोट्या इंटरनेटवाल्याकडे मी काही काळ होतो. २०१६ नंतर मोबाइल डेटा मातीमोल झाला, आता पैसे मोजून वायफाय कोण घेणार, असं मलाही वाटायचं. उत्तर या गल्लीत मिळालं. ज्याच्याकडे नेट नाही तो आपलं गिऱ्हाईकच नव्हे. ज्याचं नेट रात्री नऊला संपतं, तो.

उभारणी अवघड नाही. फायबर जिथवर पोचली तिथून किराणा दुकानाच्या गच्चीपर्यंत ५ गिगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर, खाली गल्लीकडे तोंड करून अ‍ॅक्सेस पॉइंट, आत एक छोटा राउटर. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ चा मोठा भाग २०१८ पासून परवानामुक्त आहे. पण २.४ मध्ये एकमेकांना न भिडणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. घरोघरचे राउटर त्यातच रेटारेटी करतात, वर पत्र्याची छपरं लहरी परतवून लावतात. आणि खाडीची खारी हवा! दोन पावसाळ्यांत क्लॅम्प गंजतो, केबलच्या टोकाची पिन हिरवी पडते. डिश दिसायला ठणठणीत आणि लिंक मेलेली. टोकाला चांगली टेप गुंडाळणं हे महागड्या यंत्रापेक्षा मोलाचं, हे गच्चीवर उन्हात उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

खरी डोकेदुखी हिशेबाची. दुकानात दहा रुपयांचं कूपन घ्यायचं; त्याचा नंबर टाकल्याशिवाय राउटर कुणाला पुढे सोडत नाही. शंभर एमबीपीएसची लाइन असेल तर माणशी दोनची वेसण घालायची, म्हणजे चाळीस जण एकदम आले तरी तंटा नाही. दिवसाला पन्नास कूपनं खपली तर महिन्याचे पंधरा हजार. त्यातून लाइन, वीज, गच्चीचं भाडं आणि दुकानदाराचं कमिशन. रेलटेलनेही २०२१ मध्ये स्टेशनांवर दहा रुपयांत दिवसभरासाठी पाच जीबी देऊ केले होते, पण तिच्या पाठीशी रेल्वेची स्वतःची फायबर होती.

कोण कधी जोडला गेला याची नोंदही ठेवावी लागते. याला कारण आहे. जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांआधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतरच्या दिवसांत सुरतेतही न फुटलेले बॉम्ब सापडले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवायचे आदेश काढले.

दुकानदाराने घरची लाइन परस्पर विकणं तेव्हा बेकायदा होतं. डिसेंबर २०२० च्या पीएम-वाणी योजनेने वाट मोकळी केली: दुकानाला परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको, ग्राहकाची ओळख आणि हिशेब सांभाळायला वेगळ्या नोंदणीकृत कंपन्या. कागदावर झकास. पण २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचं लक्ष्य होतं, आणि २०२४ अखेर या योजनेतले झाले दोन लाखांच्या थोडे पुढे. घोडं अडलं ते लाइनच्या दरावर. पानाच्या टपरीवाल्याला कुणी महागडी लीज्ड लाइन घ्यायला लावली, तर तो दहाची कूपनं विकून काय कमावणार? शेवटी जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतची लाइन अशा दुकानांना घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येणार नाही. चार वर्षं आधी सुचायला हवं होतं.

एका महिन्यात मोऱ्यात कूपनं निम्मी खपली आणि वापर मात्र तेवढाच. शोधलं, तर एकजण कूपन घेई आणि आपल्या फोनवरून पुढे सगळ्या खोलीला वायफाय वाटी. यावर तोड आहे. राउटरमधून निघणाऱ्या डेटाच्या पाकिटाचं आयुष्य, म्हणजे टीटीएल, एकवर आणलं की ते पहिल्या फोनच्या पुढे जात नाही. एका ओळीचं काम. मी ती ओळ लिहून मालकाला दाखवली.

“रात्री अकरानंतर लाइन तशीही रिकामीच असते ना?” त्यांनी विचारलं.

मग ती ओळ आम्ही संध्याकाळी सात ते अकरापुरतीच चालू ठेवली.