वाढदिवसाच्या गिफ्टचे न छापलेले नियम

शनिवार-रविवारी संध्याकाळी बोरिवली-अंधेरी किंवा मुलुंड-घाटकोपरच्या कुठल्याही रस्त्यावर एक रिक्षा हमखास दिसते. आत नवा फ्रॉक घातलेली मुलगी, तिच्या मांडीवर चकचकीत कागदातला खोका आणि शेजारी फोनवर बोलणारी आई: ‘‘अहो, त्यांनी आपल्याला मागच्या वेळी काय दिलं होतं?’’ मुलांच्या वाढदिवसाला काय न्यावं, किती रुपयांचं न्यावं याचे नियम कुठेही छापलेले नाहीत. तरी सोसायटीच्या गेटपासून स्कूलबसच्या थांब्यापर्यंत सगळ्यांना ते पाठ असतात. त्यातले बरेचसे ऐकीव आहेत आणि काही तर साफ चुकीचे.

गैरसमज 1: जेवढ्याचं ताट, तेवढ्याचं गिफ्ट.

वस्तुस्थिती: पार्टी मॉलमधल्या प्ले झोनमध्ये किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये असली की पालक मनातल्या मनात ताटाचा दर काढतात. डोक्यामागे नऊशे लागले असतील, मग पाचशेचं गिफ्ट बरं दिसेल का? पण जागा यजमानांनी त्यांच्या हौसेनं आणि ऐपतीनं निवडलेली असते. ते बिल पाहुण्यांनी वाटून घ्यायचं नसतं. नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर वडापाव आणि केक ठेवणाऱ्या घरच्या मुलाला स्वस्तातलं गिफ्ट आणि हॉलवाल्याच्या मुलाला महागातलं, असा न्याय होईल. मुलं तर दोन्हीकडची एकाच बाकावरची.

यजमानांचं खरं नुकसान दुसरीकडेच होतं. हॉल आणि प्ले झोन बहुधा ‘मिनिमम गॅरंटी’ घेतात. तीस मुलांचं बुकिंग असेल आणि बावीसच आली, तरी पैसे तिसांचेच भरावे लागतात. उलट न सांगता धाकटी भावंडं आली, तर वाढीव डोकी बिलात चढतात. तेव्हा ‘‘बघू, जमलं तर येऊ’’ हे उत्तर स्वस्त गिफ्टपेक्षा महाग पडतं. येणार की नाही हे वेळेत कळवणं, धाकट्याला आणू का हे आधी विचारणं, पालकांनी थांबायचंय की मुलाला सोडून जायचंय याची खात्री करून घेणं, हा खरा शिष्टाचार. त्याला रुपयाही लागत नाही.

गैरसमज 2: गिफ्ट महाग, तर आनंद जास्त.

वस्तुस्थिती: हा देणाऱ्याचा समज आहे, घेणाऱ्याचा नव्हे. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स या संशोधकांनी 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. देणाऱ्यांना वाटत होतं की किंमत वाढली की कौतुक वाढेल. घेणाऱ्यांच्या कौतुकाचा किमतीशी तसा संबंध दिसला नाही. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता, पण आपल्याकडे मुलांची गिफ्टं निवडतात, तोलतात आणि लक्षात ठेवतात तीही मोठी माणसंच.

लहान मुलांचा अभ्यास अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. दीड ते अडीच वर्षांची 36 मुलं एकदा 4 खेळण्यांसोबत आणि एकदा 16 खेळण्यांसोबत खेळायला सोडली. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. वन बीएचकेमध्ये पलंगाखालचा कप्पा, कपाटाचा माळा आणि बाल्कनीचा कोपरा खेळण्यांनी भरून गेलेल्या आईला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

तीनचार घरांनी कॉन्ट्री काढून एकच उपयोगी वस्तू दिली, तर हा ढीग निम्मा होतो. मात्र रक्कम कमी आणि सगळ्यांना सारखी ठेवावी, आणि कोणी भरले, कोणाचे राहिले याची यादी ग्रुपवर टाकू नये. खेळण्याऐवजी पुस्तक, जवळच्या वाचनालयाच्या बालविभागाची वर्गणी किंवा मासिक हेही उत्तम. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. वर्षाची वर्गणी भरली की गिफ्ट महिन्याच्या महिन्याला घरी येत राहतं आणि माळ्यावर चढत नाही.

गैरसमज 3: मॉलमधून घेतलं म्हणजे सुरक्षित. खोक्यावरचं वय बुद्धीचं असतं.

वस्तुस्थिती: 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. दुकान चकाचक असलं म्हणजे नियम पाळला जातो असं नाही. जानेवारी 2023 मध्ये भारतीय मानक ब्युरोनं जाहीर केलं, की आधीच्या महिनाभरात देशभरच्या दुकानांतून हे चिन्ह नसलेली 18,600 खेळणी जप्त झाली. त्यांत मॉल आणि विमानतळांवरची नावाजलेली दुकानंही होती. खोक्यावर आयएसआय चिन्हाजवळ ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. त्यामुळे चन्नपट्टणच्या लाकडी बाहुल्यांवर शिक्का दिसला नाही, तर ती फसवणूक समजू नये.

आता वयाचं. ‘3 वर्षांखालील मुलांसाठी नाही’ हे वाचून ‘‘आमचा खूप हुशार आहे, त्याला जमेल’’ असं म्हणणारे काका-मावश्या घरोघरी असतात. ती सूचना हुशारीबद्दल नसते. सुटणारे बारीक भाग घशात अडकू शकतात म्हणून ती छापलेली असते. त्याहून धोकादायक बटण सेल. तो गिळला गेला तर अन्ननलिकेत दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. म्हणून दिवे लागणारं, गाणारं खेळणं उचलण्याआधी पाठीमागची सेलची झाकणी स्क्रूनं बंद आहे की नुसती नखानं उघडते, एवढं जरूर पाहावं.

गैरसमज 4: आलेलं गिफ्ट पुढे सरकवणं म्हणजे हलकेपणा.

वस्तुस्थिती: ज्या समाजात हळदीकुंकवातला ब्लाउजपीस पाच घरं फिरून पुन्हा पहिल्या घरी येतो, त्या समाजानं यावर नाक मुरडू नये. एकाच मुलाकडे तीन सारखे रंगपेट्यांचे संच आले आणि दोन पुढे गेले, तर बिघडलं काय? खोका न उघडलेला, वस्तू मुलाला शोभेलशी आणि चालू स्थितीत असली, की झालं.

हलकेपणा निष्काळजीपणातून येतो. वरचा कागद काढून नवा चढवताना आतल्या खोक्यावर सेलोटेपनं चिकटलेलं इवलंसं कार्ड तसंच राहतं, आणि वाढदिवसाच्या घरी सगळ्यांसमोर भलत्याच मुलाचं नाव वाचलं जातं. तेव्हा खोका सहाही बाजूंनी बघावा, आणि आलेल्या गिफ्टवर पेन्सिलीनं कोणाकडून आलं ते लिहून ठेवावं, म्हणजे ते त्याच वर्गात किंवा त्याच विंगमध्ये परत जाणार नाही. चॉकलेट असेल तर तारीख बघावी. आणि मुलाला आवडलेलं गिफ्ट त्याला न विचारता काढून देऊ नये. ते त्याचं आहे.

गैरसमज 5: गिफ्टसोबत बिल देणं असभ्य, आणि तसाही विकलेला माल कोणी परत घेत नाही.

वस्तुस्थिती: किंमत झाकलेली एक्स्चेंज स्लिप बऱ्याच मोठ्या दुकानांत मागितली की मिळते. ती खोक्यात ठेवणं ही सोय आहे. यात किंमत दाखवण्याचा प्रश्नच येत नाही.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ सदोष वस्तूला लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदार ऐकत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र वस्तू चांगली आहे, फक्त आवडली नाही किंवा दोनदा आली, तर बदलून देणं दुकानाच्या धोरणावर असतं. म्हणून घेतानाच विचारावं.

गैरसमज 6: पाकीट दिलं की सुटलो, आणि वाढदिवसाच्या पैशाला कर नसतो.

वस्तुस्थिती: पाकिटात वाईट काही नाही. एकशे एक, दोनशे एक, आणि त्यासाठी पाकिटावर चिकटवलेलं रुपयाचं नाणं ही आपली जुनी रीत. आज्या-आत्यांकडून ते आलं की गोडच लागतं. प्रश्न एवढाच, की ते पैसे पुढे कुठे जातात. बहुतेक घरी ते आईच्या पर्समध्ये जाऊन भाजीत संपतात. मुलाच्या नावानं पालकांसह बचत खातं कोणत्याही वयात निघतं, आणि दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बँका मर्यादा घालून ते स्वतः चालवू देऊ शकतात. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर सुकन्या समृद्धी खातं ₹250 पासून उघडता येतं.

कराचं मात्र नीट समजून घ्यावं. आयकरात लग्नात मिळालेल्या भेटींना सूट आहे, वाढदिवसाला नाही. आजी-आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या यांनी मुलाला दिलेल्या रकमेवर कर नाही, कारण ते कायद्याच्या व्याख्येतले नातेवाईक आहेत. पण मित्रपरिवाराकडून वर्षभरात मिळालेली रोख एकूण ₹50,000 च्या वर गेली, तर फक्त वरचीच नव्हे, सगळी रक्कम करपात्र ठरते आणि आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवली जाते. सोन्याच्या दागिन्यांनाही अशीच मर्यादा आहे. सायकल आणि खेळणी त्यात मोजत नाहीत. साध्या घरगुती वाढदिवसाला ही वेळ येत नाही, पण ‘पहिला वाढदिवस’ दणक्यात करणाऱ्यांनी हिशेब ठेवलेला बरा.

गैरसमज 7: रिटर्न गिफ्ट दिलंच पाहिजे, आणि ते आलेल्या गिफ्टच्या तोडीचं हवं.

वस्तुस्थिती: आलेल्याला रिकाम्या हातानं न पाठवण्याची पद्धत आपल्याकडे वाणाची आणि बोरन्हाणाची आहेच. पण बोरन्हाणात मुलं बोरं, हलवा आणि चुरमुरे स्वतः वेचतात, आणि तीच त्यांची मजा. कोणी तोड बघत नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर डझनाच्या भावानं घेतलेल्या चाळीस पिशव्या, आत शिट्टी, खोडरबर आणि दुसऱ्या दिवशी तुटणारी गाडी, यांतलं आठवडाभरानं काय उरतं? त्यापेक्षा एक चांगली पेन्सिल किंवा छोटं झाडाचं रोप पुरे. काही न देणंही चालतं. शाळेत वाटायचं असेल तर आधी शाळेचं परिपत्रक वाचावं, कारण अनेक शाळांनी वाटपावर बंदी तरी घातली आहे किंवा एका गोळीवर ते आणून ठेवलं आहे.

पार्टीच्या खरेदीचा विषय निघालाच आहे तर, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, प्लॅस्टिकची ताटं, पेले आणि चमचे यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. पार्टीच्या यादीतून या गोष्टी सरळ खोडाव्यात.

गैरसमज 8: ‘गिफ्ट आणू नये’ लिहिलं तरी काहीतरी न्यावंच लागतं. समाजात राहायचं तर करावंच लागतं.

वस्तुस्थिती: लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असलं तरी पाकीट खिशात ठेवून जायची आपल्याला सवय लागली. मुलांच्या पार्टीत तीच सवय ज्यांनी शब्द पाळला त्यांना अवघडून टाकते. एकानं आणलं की रिकाम्या हातानं आलेले चौघं कानकोंडे होतात. यजमानांचा शब्द खरा मानावा. अगदीच राहवत नसेल तर मुलानं स्वतः रंगवलेलं कार्ड न्यावं.

आणि समाजाचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. वर्गातल्या चाळीसपैकी वीस मुलांनी बोलावलं आणि प्रत्येकी पाचशे धरले, तर वर्षाचे दहा हजार. इमारतीतली दहा मुलं धरली की पंधरा. दोन मुलं असतील तर दुप्पट नाही, तरी पंचवीसच्या आसपास जातंच. एकेका पार्टीला ‘पाचशेनं काय होतंय’ म्हणत हा आकडा कधी समोर येत नाही. म्हणून रक्कम पार्टीगणिक न ठरवता शाळा सुरू होताना वर्षाची ठरवावी आणि आलेल्या आमंत्रणांत वाटावी. सगळ्यांना सारखी. जवळच्या मैत्रिणीला थोडी जास्त द्यावीशी वाटली, तर ती हौस म्हणून, परतफेड म्हणून नव्हे.

हे एकट्यानं करायला अवघड जातं, कारण प्रत्येक घर दुसऱ्याकडे बघत असतं. पण ज्यांच्या घरी पहिली पार्टी आहे त्यांनी आमंत्रणातच ‘गिफ्ट दोनशेच्या आत, पुस्तक असेल तर उत्तम’ असं लिहिलं, तर वर्गातल्या इतर पालकांना हायसं वाटेल. हे लिहिणाऱ्याला कोणी कंजूष म्हणेल, ही भीती बरेचदा खोटी ठरते. पुढचं आमंत्रण लिहिताना बाकीचेही तीच ओळ उचलतात.