फुगवटा न दिसणारे गणित काय कामाचे?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी दोन आकडे असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली. पाणी कोणत्या गल्लीत शिरेल, हे संगणकाकडून आधी काढून घेता येते. मात्र गणिताची रीत नदी बघून निवडावी लागते.

सर्वांत सोपी रीत मस्किंगम. अमेरिकेतल्या त्याच नावाच्या नदीसाठी ती १९३० च्या दशकात बसवली गेली. वरून किती विसर्ग आला, यावरून खाली किती आणि कधी पोचेल हे ती झटकन सांगते. पंचगंगेला मात्र ती पुरत नाही. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णाच तुडुंब असेल, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबत जाते. हा फुगवटा मस्किंगमच्या हिशेबात येतच नाही. त्यासाठी फ्रेंच अभियंता सेंट-व्हेनां यांनी १८७१ मध्ये मांडलेल्या समीकरणांकडे वळावे लागते.

ही समीकरणे एकमितीय प्रारूपात नदीच्या आडव्या छेदांवर सोडवतात. पाणी पात्रात आहे तोवर हे उत्तम चालते. एकदा ते शिरोळच्या उसात पसरले, महामार्गाच्या भरावाला अडून वळले, की द्विमितीय प्रारूप हवे. त्यात शिवाराचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातल्या पाण्याची दिशा काढतात. पण चौकोनाची बाजू निम्मी केली, की गणित साधारण आठपट वाढते. म्हणून पात्र एकमितीय आणि शिवार द्विमितीय अशी जोडणी बऱ्याचदा सोयीची पडते. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचे ‘हेक-रास’ हे सॉफ्टवेअर ती करते, आणि ते फुकट मिळते.

खरी अडचण पुढेच आहे. इशारा आणि धोका यांत अंतर चार फुटांचे, म्हणजे सव्वा मीटरभर. उपग्रहांच्या फुकट नकाशांत जमिनीची उंचीच कित्येकदा काही मीटरनी चुकते. दाट झाडीत तर रडार झाडांचे शेंडेच जमीन म्हणून धरते. पाण्याखालचे पात्र त्यात नसतेच. अशा नकाशावरचे देखणे द्विमितीय चित्र फसवे ठरते. पात्राचे ताजे छेद घेऊन केलेले साधे प्रारूप त्याहून भरवशाचे.

तुमच्या गावाचा पूरनकाशा समोर आला, तर दोन गोष्टी जरूर विचारा: पात्र शेवटचे कधी मोजले, आणि २०१९ च्या पुराच्या खुणांशी हा नकाशा ताडून पाहिला आहे का?