फुकटचा डेटाबेस विकायला निघाल्यावर

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालयात कॉम्प्युटर शाखेला गेलेल्या मुलांना तिसऱ्या वर्षी डेटाबेसची प्रॅक्टिकलं असतात. अभ्यासक्रम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा. मायएसक्यूएलवर टेबलं बनवायची, जॉइन लिहायचे, ट्रिगर चालवून दाखवायचे आणि मग मोंगोडीबीवर तीच कामं वेगळ्या पद्धतीने करायची. दोन्ही सॉफ्टवेअर नेटवरून उतरवून घेता येतात, एक रुपया पडत नाही. जर्नलवर सही होते, व्हायव्हात नॉर्मलायझेशनचे प्रकार विचारले जातात. या दोन डेटाबेसांचे मालक कोण आणि त्यांनी ते कोणत्या अटींवर आपल्याला दिलेत, हे विचारलं गेल्याचं ऐकिवात नाही.

कॉलेजात त्यावाचून काही अडतही नाही. अडतं ते पुढे. समजा, शेजारच्या अवसरी बुद्रुकची दोन मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, मंचरला एक गाळा भाड्याने घेतला आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवायला बसली. पिग्मीचा रोजचा भरणा, कर्जखात्यांचं व्याज, थकबाकीची यादी, मार्चअखेरचा ताळेबंद. जुन्नर-आंबेगावात पतसंस्थांना तोटा नाही, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मिळायला फार दिवस लागू नयेत. मुलं संस्थेच्या कॉम्प्युटरवर आपला प्रोग्रॅम टाकतात, त्याच्यासोबत मायएसक्यूएलही टाकतात, सचिवांच्या हातात बिल देतात, वर्षाचा एएमसी ठरवून परत येतात. त्या एका इन्स्टॉलेशनमध्ये, त्यांना न कळत, त्यांनी एका स्वीडिश कंपनीने २००० साली घातलेली अट आपल्या अंगावर घेतलेली असते.

ती अट समजायला आपल्याकडच्या शेतकऱ्याला खरं तर अवघड जाऊ नये. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१, याचं कलम ३९ सांगतं की शेतकऱ्याने संरक्षित वाणाचंही बी राखावं, पुन्हा पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावंसुद्धा. मात्र त्या वाणाचा ब्रँड छापलेल्या पिशवीत भरून विकू नये. म्हणजे स्वतःच्या रानात काय करता याला कायदा हात लावत नाही, दुसऱ्याच्या हाती कोणत्या रूपात देता ते बघतो. मायएसक्यूएलचा जीपीएल नावाचा परवाना याच जातीचा आहे. स्वतःच्या दुकानात, कारखान्यात, बँकेत वापरा, त्यात हवे ते बदल करा, कोणी विचारणार नाही. पण त्याची प्रत गिऱ्हाइकाला दिलीत, तर त्याचा सोर्स कोडही त्याला मिळायला हवा. आणि त्या कोडशी एकजीव होणारा प्रोग्रॅम तुम्ही स्वतः लिहिला असेल, तर तोही याच परवान्याखाली, सोर्ससकट द्यायला हवा.

'वापर' आणि 'वाटप' यांतला हा फरक एकदा डोक्यात बसला की अर्धं काम झालं. आधारचं उदाहरण बघा. पहिली आधार ओळख २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिली गेली. या योजनेच्या तांत्रिक रचनेत मायएसक्यूएल, मोंगोडीबी, एचबेस हे सगळे मुक्त डेटाबेस होते. अब्जावर माणसांची नोंद, तरी या परवान्यांनी आधार देणाऱ्या प्राधिकरणाकडे सोर्स कोड मागितला नाही, कारण डेटाबेस प्राधिकरणाच्याच डेटा सेंटरमध्ये चालतो, त्याची प्रत कोणाला दिली जात नाही. मंचरच्या गाळ्यातल्या दोघांचं पतसंस्थेतलं एक इन्स्टॉलेशन मात्र वाटप ठरतं. आकाराचा इथे काही संबंध नाही.

आता वकिली भाग. पतसंस्थेचा प्रोग्रॅम मायएसक्यूएलशी 'एकजीव' आहे का? सर्व्हर हा वेगळा प्रोग्रॅम, तुमचा प्रोग्रॅम वेगळा, दोघं नेटवर्कवरून बोलतात. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचंही साधारण मत असं की असे दोन प्रोग्रॅम सहसा स्वतंत्र धरावेत. खरी मेख मधल्या दुव्यात आहे. प्रोग्रॅमला डेटाबेसशी बोलायला कनेक्टर लागतो आणि तो तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन बसतो. मायएसक्यूएलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही लायब्ररी सैल परवान्याखाली होती. आवृत्ती ४ पासून कंपनीने ती जीपीएलखाली नेली. सर्व्हरची अट अशा रीतीने गिऱ्हाइकांच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचली. यातून सुटायचं असेल तर कंपनीकडेच व्यापारी परवाना विकत मिळत होता, आजही ओरॅकलकडे मिळतो. धंद्याची ही युक्ती मला तरी कौतुकास्पद वाटते: तेच सॉफ्टवेअर, कोड उघडा ठेवणाऱ्यांना मोफत आणि झाकणाऱ्यांना पैशाने.

त्या वेळी या बदलाचा पहिला दणका वेबसाइटी बनवायच्या पीएचपी या भाषेला बसला. २००४ मध्ये पीएचपी ५ आली तेव्हा तिच्यासोबत येणारी मायएसक्यूएलची लायब्ररी काढून टाकावी लागली होती, कारण दोन परवाने एकमेकांत बसेनात. मायएसक्यूएललाही हे परवडणारं नव्हतं, तिची निम्मी कीर्ती पीएचपीच्या खांद्यावर होती. त्याच वर्षी कंपनीने मुक्त सॉफ्टवेअरसाठी अपवाद जाहीर केला. पुढे २००९ च्या पीएचपी ५.३ सोबत पीएचपीचाच परवाना असलेला नवा दुवा आला. आज पीएचपीत काम करणारी मंडळी त्या दुव्यावर बसून निर्धास्त असतात, आणि आपण का निर्धास्त आहोत हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

सी शार्प किंवा जावात लिहिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ओरॅकलचे अधिकृत कनेक्टर उतरवून प्रोग्रॅममध्ये घातले तर ते जीपीएलचे आहेत, आणि तुमचा प्रोग्रॅम बंद असेल तर तो मुक्त सॉफ्टवेअरच्या अपवादात बसत नाही. उपाय महागडा नाही, फक्त माहीत हवा. मारियाडीबी या मायएसक्यूएलच्या शाखेचे सी आणि जावाचे कनेक्टर एलजीपीएल या सैल परवान्याखाली आहेत. ते बंद प्रोग्रॅममधूनही वापरता येतात. डॉटनेटसाठी मायएसक्यूएल-कनेक्टर या नावाचा एमआयटी परवान्याचा स्वतंत्र पर्याय आहे. दोनचार ओळी बदलायच्या, चाचणी घ्यायची. सर्व्हर सेटअपमध्ये देत असाल, तर त्याचा परवाना आणि सोर्स कोड, किंवा तो देण्याचं लेखी आश्वासन, सोबत द्यायचं. आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट कोणी करत नाही, कारण सेटअपच्या फोल्डरमधली परवान्याची फाइल उघडायची सवयच नाही.

मारियाडीबी आली कुठून, हेही इथेच सांगायला हवं, कारण परवान्याच्या कागदावर न दिसणारा धोका त्या गोष्टीत दिसतो. मायएसक्यूएल एबी ही कंपनी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एक अब्ज डॉलरला घेतली. दुसऱ्याच वर्षी ओरॅकलने सनच घ्यायला काढली. जगातला सर्वांत मोठा बंद डेटाबेस विकणारी कंपनी सर्वांत लोकप्रिय मुक्त डेटाबेसची मालकीण होणार, म्हणून युरोपीय आयोगाने चौकशी लावली. ओरॅकलने डिसेंबर २००९ मध्ये दहा जाहीर आश्वासनं दिली, त्यांतली बरीचशी पाच वर्षांच्या मुदतीची, आणि जानेवारी २०१० मध्ये मंजुरी मिळाली. मायएसक्यूएलचा मूळ निर्माता माँटी वायडेनियस याचं समाधान झालं नव्हतं. त्याने तोवर त्याच कोडची वेगळी शाखा काढली होती आणि धाकट्या मुलीचं नाव तिला दिलं होतं. थोरलीचं नाव माय, ते आधीच विकलं गेलं होतं. जीपीएलमुळे त्याला कोड घेऊन बाहेर पडता आलं. नाव मात्र नेता आलं नाही.

कोडचा मालक एकटी कंपनी असेल तर ती उद्याची आवृत्ती वेगळ्या अटींवर देऊ शकते. गेल्या काही वर्षांत हे वरचेवर घडलं. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएसपीएल नावाचा स्वतःचा परवाना आणला. त्यात म्हटलंय की मोंगोडीबीच सेवा म्हणून विकणाऱ्याने सेवेचा सगळा डोलारा, म्हणजे देखरेख, बॅकअप, व्यवस्थापन यांचा कोडही खुला करावा. रोख मोठ्या क्लाउड कंपन्यांवर होता. मुक्त परवाने मंजूर करणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे या परवान्यासाठी केलेला अर्ज कंपनीने मार्च २०१९ मध्ये मागे घेतला, आणि डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या आवृत्त्यांनी मोंगोडीबी आपल्या संग्रहातून काढलं. म्हणजे आपल्या मुलांच्या जर्नलमधले दोन डेटाबेस कायद्याने एका वर्गातले राहिलेलेच नाहीत. एलास्टिकसर्चने जानेवारी २०२१ मध्ये अशीच वाट धरली, तेव्हा ॲमेझॉनने त्याच्या जुन्या कोडवरून ओपनसर्च ही शाखा काढली. रेडिसने मार्च २०२४ मध्ये मोकळा बीएसडी परवाना सोडला, आणि आठवडाभरातच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली त्याच कोडची वाल्की ही शाखा उभी राहिली. गंमत अशी की एलास्टिक २०२४ मध्ये आणि रेडिस मे २०२५ मध्ये एजीपीएल देऊ करत पुन्हा मुक्त परवान्यांच्या पंगतीत येऊन बसले.

मंचरच्या दोघांना याचं काय? मोंगोडीबी वापरून त्यांनी पतसंस्थेचं ॲप चालवलं, तर एसएसपीएलचं ते कलम त्यांना लागू होत नाही; ते ॲप विकताहेत, मोंगोडीबी नव्हे. पण समजा त्यांनी सॉफ्टवेअर क्लाउडवर नेलं, संस्था ब्राउझरमधून कामकाज करू लागल्या. जीपीएलच्या दृष्टीने हे वाटप राहिलं नाही, सुटले. एजीपीएलच्या दृष्टीने सुटले असं नाही: त्या परवान्याचा घटक तुम्ही बदलून नेटवर्कवरून वापरायला दिलात, तर वापरणाऱ्याला बदललेला सोर्स मागायचा हक्क आहे. न बदलता तसाच वापरला तर ही जबाबदारी येत नाही. गावाकडच्या कंपन्या डेटाबेसच्या कोडला सहसा हात लावत नाहीत, त्यामुळे एजीपीएलची जेवढी भीती घातली जाते तेवढी त्यांच्या वाट्याला येत नाही. कॉक्रोचडीबीसारख्यांनी तर उत्पन्नावर रेघ ओढलीय: वर्षाची उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असेल तर मोफत. ती रेघ उद्या कुठे असेल, हे तीच कंपनी ठरवणार.

माझं मत विचाराल तर लहान कंपनीने पोस्टग्रेस या डेटाबेसवर नवं काम सुरू करावं. त्याचा परवाना अर्ध्या पानात मावतो: मूळ सूचना ठेवा, बाकी वापरा, बदला, विका. मुख्य गोष्ट, त्याला एक मालक नाही. बर्कले विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या या कामावर जगभरच्या लोकांनी कोड चढवला, त्यामुळे एका बैठकीत परवाना बदलेल असं कोणाच्या हाती नाही. त्यात पुण्याचाही हात आहे. एंटरप्राइझडीबीचं मोठं कार्यालय पुण्यात आहे, तिथल्या अभियंत्यांनी लिहिलेला कोड पोस्टग्रेसच्या मूळ प्रतीत जातो. आणि तीच कंपनी पोस्टग्रेसवर आधारलेलं, ओरॅकलशी जुळणारं बंद उत्पादन विकतेही. परवाना तशी मुभा देतो. एकट्या कॉम्प्युटरवरच्या बिलिंगसाठी एसक्यूलाइट पुरतं. त्याचे कर्ते रिचर्ड हिप यांनी हक्कच सोडून दिलेत. काही कंपन्यांच्या वकिलांचं तेवढ्यानेही समाधान होत नाही, म्हणून त्यांना ते हमीपत्र विकतात. फुकट वस्तूची पावती विकण्याचा याहून प्रामाणिक धंदा माझ्या बघण्यात नाही.

'आपल्या तालुक्यात कोण येतंय तपासायला' हे उत्तर मिळेलच. कॉपीराइट कायदा, १९५७ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीच मानतो, आणि कलम ६३ ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद सांगितलेली आहे. जीपीएलची अट मोडली की परवाना संपतो आणि उरते ती बेकायदा प्रत. याच कायद्यात एक चमत्कारिक कोपराही आहे. कलम १९(५) म्हणतं, हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरावी. कलम ३० अ तो नियम परवान्यांनाही लावतं. जीपीएलची तिसरी आवृत्ती कॉपीराइट असेपर्यंतची मुदत स्पष्ट लिहिते. मायएसक्यूएल ज्या दुसऱ्या आवृत्तीवर आहे, ती याबद्दल गप्प आहे. अक्षरशः वाचलं तर २०१९ मध्ये टाकलेल्या आणि तेव्हापासून न बदललेल्या इन्स्टॉलेशनचा परवाना भारतात केव्हाच संपला. मायएसक्यूएलचा मालक हा मुद्दा घेऊन पतसंस्थेच्या दारात उभा राहील असं मला वाटत नाही. पण नवी आवृत्ती घेतली की परवानाही नव्याने मिळतो, आणि सुरक्षेसाठी अपडेट करायचंच असतं.

तपासायला अधिकारी नाही आला तरी गिऱ्हाईक येतंय. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणाने सरकारी खरेदीत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य दिलं. जून २०२२ मध्ये गावोगावच्या ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींची मंजुरी मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी कशी द्यावी याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या यादीत प्रत्येक घटकाच्या परवान्याचा रकाना आहे. मोठी बँक किंवा सरकारी खातं आता हा तक्ता मागू लागलं की मंचरच्या गाळ्यातून तो भरून जायला हवा: सर्व्हर मायएसक्यूएल, आवृत्ती अमुक, परवाना जीपीएल २, सोर्स सोबत, कनेक्टर मारियाडीबीचा, एलजीपीएल २.१; अहवाल छापणारी लायब्ररी कोणाची, हे बघायचं राहिलंय.